नळीतलं तांबं

माझ्या सासऱ्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं माझ्यामुळे गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं. सुरी डॉक्टरांच्या हातात होती, हे खरं. पण त्याआधी दहा महिने मी रोज सकाळी एक गोष्ट पाहत होतो आणि बोलत नव्हतो. मी मुळातच कमी बोलणारा. लोक त्याला सज्जनपणा म्हणतात. मीही म्हणू दिलं.

मी पारशिवनीकडचा, मॅट्रिक झालेला, बाकी सांगण्यासारखं काही नसलेला. सासऱ्यांचं इतवारीत तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानावर घर. बायको लवकर वारलेली, एकच मुलगी. त्यांनी मला घरजावई करून घेतलं. लग्नात रीतीप्रमाणे माझे पाय धुतले, तेही दुकानातल्या सर्वांत मोठ्या पितळी परातीत. गिऱ्हाइकं मागायची तरी ती परात त्यांनी विकली नाही. "जवाईबापूचे पाय लागले तिले," म्हणायचे, आणि ती माळ्यावर चढवून ठेवली. घरजावयाला जो मान असतो तो मला होता: जेवताना पहिलं ताट, बोलताना शेवटचा नंबर.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-एक वर्षं आधीची गोष्ट. सासऱ्यांना तहान लागू लागली. सकाळी भरलेला पाण्याचा गुंड दुपारी उपडा. धोतर कमरेवर टिकेना, दुपारी तराजू हातात धरूनच डुलकी लागायची. मग माझ्या बायकोच्या लक्षात आलं की ते मोरीवर जाऊन आले की तिथं मुंग्यांची रांग लागते.

"बाबा, मुंग्या काहून येऊन राहिल्या तिथी?"

"मुंग्या येते तिथी लक्ष्मी येते, पोरी."

"लक्ष्मीले दुसरी जागा नाही भेटली?"

तिनंच आम्हा दोघांना बर्डीवरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी तपासलं आणि मधुमेह सांगितला. मग मला आतल्या खोलीत नेलं, कारण मला इंग्रजी वाचता येत होतं. सासरे तेवढ्या वेळात बाहेर कंपाउंडरचा पितळी खलबत्ता हातावर जोखत बसले होते. डॉक्टरांनी मला काचेची नळी, ती धरायचा चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या पाण्याची बाटली दिली. नळीत थोडं निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. एका कागदावर त्यांनी रंग लिहून दिले आणि तोंडीही सांगितले.

"निळंच राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर थोडी साखर आहे. पिवळं, नारिंगी म्हणजे वाईट. आणि विटेसारखं लाल झालं तर साखर फार वाढली. मग पायाला जखम होऊ द्यायची नाही, नजरेवर लक्ष ठेवायचं, आणि तडक माझ्याकडे यायचं. साखर, गूळ, भात, संत्री बंद. समजलं?"

मी मान हलवली. मला खरंच समजलं होतं. पुढे जे झालं त्यात न समजण्याचा भाग कुठेच नव्हता. तो कागद मी माझ्या लग्नातल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

येताना टांग्यात सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "त्या निळ्या पाण्यात काय आहे? कंपाउंडर म्हणते मोरचूद आहे."

"असेल."

"मोरचूद म्हणजे तांब्याचंच जहर," ते म्हणाले आणि खूश झाले. आपल्या धंद्यातली वस्तू आपल्या दुखण्यात निघाली म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाच्या मागच्या पडवीत दिवा पेटवला. सासरे समोर पाटावर. पाणी उकळायला लागलं. निळं होतं ते हिरवं झालं, पिवळं झालं, नारिंगी झालं, आणि बघता बघता नळीच्या तळाशी लालभडक गाळ बसला. सासऱ्यांनी चिमट्यासकट नळी माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली, आणि मी त्या घरात आल्यापासून ऐकलं नव्हतं इतक्या मोठ्यानं हसले.

"तांबं! अस्सल तांबं आहे हे! भट्टी नाही, भाता नाही, आठ थेंबांत मोरचुदातून तांबं काहाडलं मी!"

आता तांब्याच्या धंद्यात चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं ते सांगायला हवं. तांब्यावर निळा-हिरवा थर चढला की तो कळंक. कळकलेल्या भांड्यात ताक ठेवलं तर माणसाच्या जिवावर बेततं. चिंच लावून घासलं की तेच भांडं लालबुंद निघतं, आणि लालबुंद भांडं म्हणजे चोख भांडं. हे त्यांना जन्मापासून ठाऊक. तेव्हा निळं, हिरवं म्हणजे रोग आणि लाल म्हणजे तब्येत, यात त्यांना शंका येण्याचं कारणच नव्हतं. इतवारीतल्या कोणत्याही भांडेवाल्याला आली नसती.

तरी त्यांनी मला विचारलं. हे मी विसरू शकत नाही. स्वतःहून विचारलं.

"जवाईबापू, लालाचं काय बोलले डॉक्टर?"

"लाल झालं तर कळवा म्हणाले."

"कळवतेच नं! खुशखबर असल्यावर माणूस कळवतेच." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या हाताले यश आहे. डॉक्टरकडे तुम्ही गेले, दिवा तुम्ही लावला. मी उगाच समजत होतो का हा माणूस मुकाच आहे म्हणून."

लग्नाला सात वर्षं झाली होती आणि हे माझं पहिलं कौतुक होतं. उद्या सांगू, असं मी ठरवलं. त्याच दुपारी त्यांनी एक चकचकीत तांब्याचा गडवा माझ्या हाती देऊन मला डॉक्टरांकडे पाठवलं, खुशखबर कळवायला. डॉक्टर एका पेशंटच्या घरी गेले होते. मी गडवा कंपाउंडरजवळ ठेवला, "भेट आहे" म्हणालो आणि परत आलो. डॉक्टर भेटले नाहीत म्हणून मला येताना हलकं वाटलं. तेही इथे नोंदवतो.

पुढे गप्प बसणं सोपं होत गेलं. पहिल्या दिवशी बोललो असतो तर सासऱ्यांची चूक ठरली असती. आठव्या दिवशी बोललो असतो तर माझी. महिन्यानं बोलायचं म्हणजे मी एवढे दिवस काय करत होतो, याचं उत्तर द्यावं लागणार होतं.

पथ्य तेवढं मी घरी सांगितलं होतं, म्हणून बायको गोड देत नव्हती. मग सासऱ्यांनी तिला नळी दाखवली. "पाय पोरी, तुझ्या भाकरीनं हे तांबं नाही आलं. काल कोपऱ्यावर दोन जिलेब्या खाल्ल्या, म्हणून एवढं लाल." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दिवा विझवण्यात गुंतलो. नवरा काही बोलत नाही म्हणजे बरोबरच असेल, असं तिला वाटलं. त्या दिवसापासून घरात जिलेबी येऊ लागली, औषध म्हणून, आणि ती वेळेवर दिली जाऊ लागली.

समोरच्या कापडवाल्या शेठना हे कळलं. ते एके सकाळी धोतराखाली झाकून लोटा घेऊन आले. सासऱ्यांहून दोन वर्षांनी मोठे, काठीसारखे सरळ, रोज पहाटे नाग नदीपर्यंत चालून येणारे. मी त्यांचे आठ थेंब टाकले, उकळलं. निळं ते निळंच राहिलं.

"आणखीन उकळा," शेठ म्हणाले.

मी उकळलं. निळंच.

सासऱ्यांनी हळहळून मान हलवली. "शेठजी, वाईट नका मानू. पण तुमच्यात दमच नाही राह्यला."

"अरे, पण मले तर काहीच होऊन नाही राहिलं!"

"आतून कळंक चढते, तवा बाहेरून काहीच समजत नाही. गूळ खा. तूप टाकून खा."

शेठनी तीन आठवडे गूळ खाल्ला. दर सोमवारी लोटा घेऊन यायचे, आणि दर सोमवारी निळं. चौथ्या सोमवारी ते आले नाहीत. दुकानात बसून आमच्याकडे पाठ करून कापड मोजत होते. त्या माणसाला मी नुसतं "तुम्ही ठणठणीत आहात" एवढं सांगू शकलो असतो. त्यानं कोणाचंच काही गेलं नसतं.

उन्हाळ्यात सासऱ्यांना हगवण लागली. दोन दिवस पोटात पेजेशिवाय काही नाही. तिसऱ्या सकाळी नळी हिरवी झाली. त्या दहा महिन्यांतला तो एकच बरा दिवस. त्यांचा चेहरा उतरला. मुलीला हाक मारून किल्ल्या कुठे ठेवल्या ते सांगितलं, आणि मला म्हणाले, "जवाईबापू, दुकान आता तुम्ही पाहजा." संध्याकाळपर्यंत त्यांना चार बालूशाही चारण्यात आल्या. सकाळी लाल आलं. बायको देवापुढे साखर ठेवून आली आणि ती साखरही त्यांनाच दिली.

त्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या होत्या, मग त्याही यायच्या बंद झाल्या. तेही त्यांनी सुधारणा म्हणून धरलं. संक्रांतीनंतर दुकानापुढे कल्हईवाला बसला होता. सासरे अनवाणी त्याच्या भट्टीजवळ उभे राहून त्याला सूचना देत होते. कल्हईवाल्यानं भांडं फिरवलं आणि वितळलेल्या कथलाचा एक मोठा थेंब उडून सासऱ्यांच्या डाव्या अंगठ्यावर पडला. कल्हईवाला किंचाळला.

सासऱ्यांनी त्याला विचारलं, "तुले काय झालं गा?"

"शेठजी, पैर! तुमचा पाय!"

त्यांनी खाली पाहिलं. अंगठ्यावर रुपेरी बटणासारखं कथील चिकटलं होतं. कातडीचा वास येत होता. ते हसले. "पाहा! आतून तांबं असल्यावर बाहेरून काय भाजते?"

"शेठजी, आपके पैरको तो कल्हई हो गयी!" कल्हईवाला म्हणाला, आणि सगळा रस्ता हसला. मीही हसलो. मला आठवतं, कारण हसताना मी डॉक्टरांचं वाक्य ऐकत होतो: पायाला जखम होऊ द्यायची नाही.

पंधरा दिवसांत अंगठा काळा पडला. काळ्याचा अर्थ तांब्याच्या धंद्यात लागेना, म्हणून आम्ही इस्पितळात गेलो.

बोटं कापल्यावर दुसऱ्या दिवशी बर्डीचे डॉक्टर खाटेपाशी आले. माझी बायको उशाला बसली होती, मी पायथ्याला. डॉक्टरांनी विचारलं, "नळीत रंग कोणता येत होता?"

"लाल, साहेब," सासरे ग्लानीतही ऐटीत म्हणाले. "रोज. एक दिवस खाडा नाही."

डॉक्टरांना आधी कळेचना. मग ते माझ्याकडे वळले. "मी तुम्हाला सगळं कागदावर लिहून दिलं होतं ना?"

तिघंही माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "मी वाचून दाखवला होता कागद. यांना."

सासऱ्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. आठवण्याचा प्रयत्न करत होते. मग डोळे मिटून म्हणाले, "दाखवला असन. मीच ध्यान नाही देल्लं."

त्या दिवसापासून माझ्या बायकोनं बापाला बोलायला सुरुवात केली. नळी, दिवा, भाकरीचं पीठ, सगळं तिनं ताब्यात घेतलं. ज्वारीची भाकर, मेथी, कारलं. जेवण झालं की कापडवाल्या शेठबरोबर नदीपर्यंत चालणं. शेठ आता पुन्हा ताठ मानेनं चालायचे. आणि ताट वाढताना रोज तेच: "यायनं वाचून दाखवलं तरी नाही ऐकलं. आता दोन गेली, आठ आहेत. मोजून ठेवा." सासरे खाली मान घालून भाकरी मोडायचे. नळी हिरवी येऊ लागली, मग आठवड्यातून तीन-चार दिवस निळी. आपला रंग निळा आला की ते अजूनही थोडे नाराज व्हायचे, पण बोलत नसत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज दोन्ही तळवे पाहायचे, कारण पायाला काही लागलं तर यांना समजणार नाही. कंबर वाकत नसल्यामुळे सासऱ्यांना आपला तळवा दिसत नसे. मी म्हणालो, मी पाहतो. बोटांची भरपाई एवढी तरी, असं माझ्या मनात होतं.

"जवायानं माह्या पायाले हात लावायचा? तुमचे पाय धुतले मी लग्नात! नरकातही जागा नाही भेटन मले!"

"हात नाही लावणार. नुसता पाहीन."

"पाहाले वाकसान नं? म्हणजे पायाच पडले तुम्ही!"

दोन दिवस हा वाद चालला. मग त्यांनीच तोड काढली. माळ्यावरून ती लग्नाची परात उतरवली, चिंच आणि राखेनं आरशासारखी घासून घेतली. रोज सकाळी मी ती परात जमिनीवर ठेवायचो, ते खुर्चीवर बसून पाय परातीवर अधांतरी धरायचे, आणि मी बाजूला ताठ बसून परातीत पाहायचो. पायाकडे नाही, परातीकडे. अशा रीतीनं धर्म राहिला आणि तळवाही दिसला.

दोन वर्षं हे चाललं. एके सकाळी परातीत त्यांच्या टाचेजवळ एक ठिपका दिसला. आदल्या दिवशी चालताना चप्पल फोडून बारीक खिळा आत गेला होता आणि तो टाचेत तसाच असताना ते रात्रभर झोपले होते. मी परात, धर्म, सगळं विसरून पाय मांडीवर घेतला आणि खिळा काढला. ते ओरडायचे थांबले, कारण मी रडत होतो. जखम धुता धुता मी सगळं सांगितलं. कागदात काय होतं, तो कोणाला वाचून दाखवला नव्हता, गडवा कोणाकडे ठेवला, सगळं.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मले कोणी सांगितलंच नव्हतं?"

"नाही."

"म्हणजे माही चूक नव्हती?"

"नाही, मामाजी."

त्यांचा चेहरा असा उजळला की नळीत लाल आलं तेव्हाही तेवढा उजळला नव्हता. ते खुर्चीत सरळ झाले आणि जिन्याकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "पोरी! अवं पोरी, इकडे ये!"

वरून ती म्हणाली, "काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाय अजून माझ्या मांडीवर होता. इतक्या वर्षांत मला कधी "तुम्ही" सोडून बोलले नव्हते.

"तुले या घरात राह्यचं आहे गा," ते हळूच म्हणाले. आणि वर ओरडून, "काही नाही! चप्पल बदलून पाह्यजे मले!"

"सांगितलेलं ऐकत नाही, म्हणून चपला फाटते!" वरून उत्तर आलं.

"हो वं बाई," ते म्हणाले. "नाही ऐकत मी."

त्यानंतरही काही वर्षं ते जगले. टाच आठ दिवसांत भरली. लढाईत साखर कार्डावर मिळू लागली तेव्हा त्यांच्या वाट्याची साखरही मुलीनं माझ्या चहात घातली, आणि रोजचं बोलणं त्यांच्या ताटात. साखर मी घेत राहिलो आणि बोलणं त्यांना घेऊ दिलं. मला वाटलं होतं, त्यांना सांगितलं म्हणजे झालं. पण नंतर ते माहीत असून ऐकून घ्यायचे, आणि मी माहीत असून समोर बसून जेवायचो. पहिली दहा महिन्यांची चूक होती. ही रोजची. ते तापानं गेले तेव्हा पायाची आठ बोटं शाबूत होती, नजरही.

पितृपक्षात त्यांच्या नावाचं पान वाढलं. माझ्या बायकोनं खीर केली ती बिनसाखरेची. मी म्हणालो, अगं, आता कशाला? ती म्हणाली, "तिथी वरतीही नाही ऐकणार ते. मी ओळखते माह्या बापाले." त्या वर्षी कावळा पानाकडे फिरकला नाही. दुसऱ्या वर्षी आला, खिरीकडे पाहिलं आणि उडून गेला. "रुसले," ती म्हणाली. "रुसू दे."

या वर्षी ती खीर ढवळत होती तेव्हा मी चुलीजवळ जाऊन बसलो आणि तिला सांगितलं. पळी थांबली. खीर तळाशी लागल्याचा वास आला तरी ती हलली नाही.

"कागद कोठी आहे?"

मी लग्नाचा कोट काढला. कागद घडीवर पिवळा पडला होता. तिला इंग्रजी येत नाही.

"वाचा."

मी मराठी करून वाचलं. निळा, उत्तम. हिरवा, थोडी साखर. पिवळा आणि नारिंगी, वाईट. लाल, पाय सांभाळा, ताबडतोब या.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. ती माझ्याशी काही बोलली नाही. आजही धड बोलत नाही, आणि ते बरोबर आहे. उठून तिनं डबा काढला आणि आठवड्याची कार्डाची सगळी साखर खिरीत ओतली. मग मला न विचारता माळ्यावरची परात उतरवली आणि पान त्या परातीत मांडलं.

गच्चीवर आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो. कावळा आला. परातीच्या काठावर बसला, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. वडा उचलला, भजं उचललं, कढीत चोच बुडवली. खिरीच्या द्रोणाभोवती एक चक्कर मारली आणि तिला न शिवता उडून गेला.

ती द्रोणापाशी जाऊन वाकली.

"नाही खाल्ली," ती म्हणाली. "पाहा. सांगितलं असतं तर ऐकलं असतं त्यायनं."